कंदिलाची किल्ली आणि छतातला उजेड

पुण्याहून मिरजेकडे निघालेली गाडी ज्या स्टेशनावर ‘कराड’ म्हणून थांबते, ते स्टेशन कराड गावात नाही. गाव तिथून चार-पाच किलोमीटर लांब आहे. स्टेशन आहे ओगलेवाडीत. ही वाडी वसली ती एका काचकारखान्यामुळे. १९१६ साली ओगले बंधूंनी औंध संस्थानाच्या आश्रयानं इथे काच ओतायला सुरुवात केली. त्याआधी सहा वर्षं, १९१० मध्ये, याच संस्थानाच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना उभा केला होता. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे आणि ओगलेवाडी साताऱ्यात. ओगल्यांच्या वडिलांचं नाव प्रभाकर. त्यांच्या कारखान्यातून निघालेला ‘प्रभाकर कंदील’ पुढे महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचला. गोठ्यात, पडवीत, बैलगाडीच्या दांडीला, पोराच्या पाटीशेजारी तोच असायचा. कारखाना केव्हाच बंद पडला, पण सातारा-सांगलीच्या जुन्या घरांच्या माळ्यावर त्या नावाचा कंदील अजून सापडतो.

घरातल्या अत्याधुनिक प्रकाशरचनेवर लिहायचं आणि सुरुवात रॉकेलच्या कंदिलानं करायची, हे काहींना उलटं वाटेल. मला ते सरळ वाटतं. त्याच्या काळात हा कंदील भविष्यातलाच दिवा होता. एखादा हातात घेऊन नीट बघा. ज्योतीभोवती काच, म्हणजे वारा लागत नाही. दोन्ही बाजूंना वाकवलेल्या पत्र्याच्या नळ्या असतात. त्या नुसत्या धरायला नाहीत, त्यांच्यातून हवा खाली बर्नरपर्यंत येते, ज्योतीला हिशोबात मिळते आणि म्हणून ज्योत फडफडत नाही. तारेची कडी दाबली की काच वर उचलली जाते, वात पेटवता येते. आणि सगळ्यांत मोलाची ती बाजूची छोटी किल्ली. फिरवली की वात वर, उलटी फिरवली की खाली. अभ्यासाला मोठा उजेड, निजताना बारीक. पणतीला आणि चिमणीला हे जमत नव्हतं. उजेड पाडणं माणसाला फार जुन्या काळापासून येत होतं. उजेड ताब्यात ठेवणं या कंदिलानं शिकवलं, तेही ज्या काळात त्याचा एकूण प्रकाश जेमतेम शंभर लुमेनच्या आसपास होता. आजचा नऊ वॉटचा साधा एलईडी बल्ब त्याच्या नऊ-दहा पट प्रकाश देतो, आणि बहुतेक घरांत त्याला किल्ली नसते.

आज सांगलीत विश्रामबागेकडे किंवा साताऱ्यात गोडोली-शाहूपुरीला नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेलं की पाहुणे आधी मान वर करून छत बघतात. फॉल्स सिलिंगच्या कडेनं लपवलेली पट्टी, त्यातून निघणारा पिवळसर पट्टा, मधोमध षटकोनी नळ्यांची जाळी, टीव्हीमागे निळा झोत, जिन्याच्या पायऱ्यांखाली रेघा. वायरमन, फॉल्स सिलिंगवाले, दुकानदार या सगळ्याला मिळून एकच नाव देतात, ‘प्रोफाइल लाइट’. मोबाइलवर बघितलेलं एखादं यानासारखं घर दाखवायचं आणि ‘हे असंच करून द्या’ म्हणायचं, अशी बहुतेक कामांची सुरुवात होते. यात हसण्यासारखं काही नाही. कोयनेच्या धरणानं १,९६० मेगावॉटच्या वीजप्रकल्पाला पाणी दिलं, वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ज्या सातारा जिल्ह्यानं राज्याला उजेड पुरवला, तिथल्या माणसाला आपल्या घरात उजेडाची हौस वाटली तर ती हक्काचीच आहे. प्रश्न इतकाच की त्या यानासारख्या घरातून उचलायचं काय.

त्यासाठी ते यान कुठून आलं ते बघावं लागतं. १९६८ साली स्टॅन्ली कुब्रिकचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ हा चित्रपट आला. त्याच्या शेवटाकडे एक शयनगृह आहे. सामान जुन्या फ्रेंच थाटाचं आणि पायाखालची फरशी मात्र आतून उजळलेली. दिवा कुठेच दिसत नाही, जमीनच प्रकाश देते. सावल्या जवळजवळ नाहीत, म्हणून वेळ कोणती ते कळत नाही, आणि दिग्दर्शकाला तेच हवं होतं. दोन वर्षांनी, १९७० मध्ये, डॅनिश संकल्पक व्हर्नर पँटन यांनी कोलोनच्या फर्निचर-प्रदर्शनाच्या वेळी र्‍हाईन नदीतल्या एका बोटीवर ‘व्हिजिओना २’ हे घर मांडलं. भिंत, बैठक, छत सगळं एकमेकांत वितळलेलं, आणि प्रकाश त्या वळणांच्या आतून येणारा. आजच्या बहुतेक ‘भविष्यवेधी’ छतांचं मूळ या दोन-तीन वर्षांत आहे. दोन्हीकडे गाभा एकच होता. दिवा वस्तू म्हणून नाहीसा करायचा आणि पृष्ठभागालाच दिवा करायचं. षटकोनी जाळ्या, निळे झोत, रंग बदलणाऱ्या पट्ट्या नंतर आल्या. ते त्या कल्पनेचं कवच आहे. आपण बहुतेक वेळा कवच आणतो आणि गाभा दुकानात सोडून येतो, म्हणून लाखभर रुपये घातलेल्या दिवाणखान्यात बसल्यावर डोळे चुरचुरतात.

दिवा लपवून पृष्ठभाग उजळण्याच्या या विचाराला त्याहून जुना एक पूर्वज आहे, आणि तो पुन्हा रॉकेलच्या दिव्याशीच येऊन भिडतो. पॉल हेनिंगसेन १८९४ साली डेन्मार्कमध्ये जन्मले. त्यांचं बालपण रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात गेलं. वीज आली, उघडे बल्ब आले, आणि घरं एकाएकी कर्कश झाली हे त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी १९२५-२६ च्या सुमाराला एकाखाली एक तीन छत्र्यांचा दिवा केला. प्रत्येक छत्रीची वक्रता अशी मोजून घेतली की बल्बमधून निघालेला एकही किरण थेट डोळ्यात जाणार नाही, तो आधी छत्रीवर आपटेल आणि मऊ होऊनच खाली येईल. ‘पीएच’ नावाचा तो दिवा आजही बनतो, आजही तो नवाच दिसतो. ओगले आणि हेनिंगसेन एकाच काळातली माणसं. एकानं ज्योतीला आडोसा दिला, दुसऱ्यानं बल्बला.

आता आपल्या जुन्या घरांत शिरू. वाईजवळच्या मेणवलीत कृष्णेच्या काठी नाना फडणविसांचा वाडा उभा आहे. ‘स्वदेस’ चित्रपटातलं गाव म्हणून २००४ नंतर मेणवली देशभर पाहिली गेली. गावाने स्वतः तयार केलेल्या विजेनं पेटलेला बल्ब म्हातारी डोळे विस्फारून बघते, तो प्रसंग त्याच चित्रपटातला. मेणवलीत गेलात तर आधी चौकात उभे राहा. मधोमध उघडं आकाश, चारी बाजूंना सोपे. ऊन थेट खोलीत घुसत नाही. ते चौकातल्या फरशीवर पडतं, तिथून उसळून सोप्याच्या कडीपाटाला खालून उजळतं आणि मग आतल्या माणसापर्यंत येतं. आपण ज्याला कोव्ह लाइट म्हणतो, म्हणजे कडेला लपवलेल्या पट्टीनं छतावर टाकून परत आणलेला उजेड, त्याचं तत्त्व हेच. वाड्याच्या जाड भिंतींतले कोनाडे आणि देवळ्याही बघा. कोनाड्यात पणती ठेवली की ज्योत कडेनं झाकली जाते आणि मागचा-बाजूचा चुना उजळतो. म्हणजे दिव्याला जागा भिंतीनं दिली, दिव्यासाठी वेगळं लटकणं नाही. अमेरिकन कलावंत जेम्स टरेल छताला भोक असलेल्या खोल्या बांधतात आणि त्या भोकाच्या कडा आतून रंगीत प्रकाशानं उजळतात. आतला उजेड पिवळा-नारिंगी केला की वरचं संध्याकाळचं आकाश गडद निळं दिसू लागतं. हे बघायला लोक विमानानं जातात. वाड्याच्या चौकात दिवेलागणीला वॉर्म, म्हणजे पिवळसर, दिवे लावून बघितलं तर तोच परिणाम घरबसल्या मिळतो, कारण तो डोळ्याचा गुण आहे, यंत्राचा नाही.

औंधच्या टेकडीवर यमाईच्या वाटेत श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. १९३८ मध्ये त्यांनी हे संग्रहालय उभं केलं आणि चित्रं दिवसाच्या उजेडात बघता यावीत याची काळजी घेतली. सातारा जिल्ह्यात घर बांधणाऱ्या प्रत्येकानं तिथे एक सकाळ घालवावी असं मला मनापासून वाटतं. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे, ते तर बघालच. त्याबरोबर भिंतीवर उजेड कुठून येतो आणि डोळ्यात का टोचत नाही, तेही बघा.

प्रकाशाची आखणी करणाऱ्या व्यावसायिकांत रिचर्ड केली या अमेरिकन माणसाचं नाव आदरानं घेतात. त्यांनी १९५२ साली घरातल्या उजेडाचे तीन प्रकार मांडले आणि आजही शिकवताना तेच वापरले जातात. एक, सगळीकडून सारखा येणारा, सावल्या पुसणारा उजेड. जुलैत महाबळेश्वरच्या धुक्यात उभं राहिलं की तो कळतो. दोन, एका ठिकाणी एकवटलेला, नजर तिथे नेणारा. देवघरातली समई, वाचणाऱ्याच्या मांडीवरचं पुस्तक. तीन, नुसत्या आनंदासाठी चमचमणारा. शिखर शिंगणापूरची दीपमाळ त्रिपुरी पौर्णिमेला पेटलेली ज्यांनी पाहिली त्यांना तिसरा समजावून सांगायला नको. चांगल्या खोलीत तिन्ही असतात, पण वेगवेगळ्या बटणांवर. आपल्याकडे चूक होते ती अशी की तिन्ही एकदम पेटतात. धुक्यातच दीपमाळ लावली आणि त्यातच समई ठेवली, तर कशालाच अर्थ राहत नाही.

म्हणून नकाशा हातात असतानाच, भिंतीत पाइप टाकण्याआधी, खोलीगणिक बटणं ठरवावीत. फॉल्स सिलिंगची पट्टी एका बटणावर, खालचे डाऊनलायटर दुसऱ्या, कोनाडा किंवा भिंतीवरचा दिवा तिसऱ्या. वायरमन म्हणेल, “वहिनी, एवढे पॉइंट कशाला, एकाच बटणावर घेऊ ना.” तिथे ठाम राहावं. पॉइंट आत्ता वाढवायला काहीशे रुपये लागतात, नंतर भिंत फोडायला काही हजार.

आता खुद्द एलईडीकडे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. आत निळा प्रकाश देणारी एक बारीक चकती आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप. निळ्याचा काही भाग लेप शोषतो आणि पिवळा-तांबडा करून परत देतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. हा निळा एलईडी मिळवायला तीन दशकं गेली. त्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच जानेवारीत भारत सरकारची उजाला योजना सुरू झाली. घाऊक खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. सातारा-सांगलीच्या घरांत छतं उजळू लागली ती या किंमतीमुळे. तांबड्या तारेच्या जुन्या बल्बनं असं छत उजळायला गेलं असतं तर महिन्याचं बिल आणि प्लास्टरला लागणारी धग, दोन्ही सोसली नसती.

पण लेप स्वस्तातला असला तर तांबडा भाग कमी पडतो. उजेड भरपूर असूनही रंग मरतात. हे मोजायला सीआरआय नावाचा आकडा असतो, कमाल १००. घरासाठी ९० च्या वरचा घ्यावा. पेटीवर ८० लिहिलेलं असतं आणि पुष्कळदा काहीच लिहिलेलं नसतं. सांगलीच्या माणसाला हे पटवायला यंत्र लागत नाही. हळदीच्या पेठेत माल हातावर घेऊन, मोडून, उजेडाकडे धरून बघतात. तासगावच्या बेदाण्याचा भाव तर रंगावरच ठरतो. व्यापारी हे काम खराब ट्यूबखाली करणार नाही. घरासाठीही तसंच करा. दिवा घ्यायला जाताना हळदकुंकवाचा करंडा बरोबर न्या. दुकानात तो दिवा लावायला सांगा, झाकण उघडून खाली धरा, मग तसाच दुकानाच्या दारात उन्हाच्या उजेडात आणा. हळद हिरवट पडली, कुंकू तपकिरी-मातकट झालं, तर ती पट्टी परत. त्याच उजेडात उद्या तुमच्या पाहुण्यांचे चेहरे, पैठणीचे काठ आणि ताटातली आमटी दिसणार आहे. साताऱ्याचा कंदी पेढा बघून तर मी हमखास ओळखते की हलवायाकडे दिवे कुठले आहेत. चांगल्या दिव्याखाली त्याच्या भाजणीचा तांबूसपणा दिसतो, थंड पांढऱ्या ट्यूबखाली तो राखेसारखा होतो.

दुसरा आकडा केल्विनचा. तेलाच्या ज्योतीचा उजेड साधारण १,९०० केल्विन, जुन्या तारेच्या बल्बचा २,७००, ढगाळ दुपारच्या आकाशाचा ६,५०० च्या आसपास. दुकानात ‘वॉर्म’, ‘नॅचरल’, ‘कूल’ म्हणतात ते अनुक्रमे ३,०००, ४,००० आणि ६,५००. आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे की पांढराशुभ्र म्हणजे स्वच्छ आणि पिवळा म्हणजे गरिबीचा. वीज अशक्त असायची, बल्ब मंद पिवळा जळायचा, त्या दिवसांतला हा समज. तो आता सोडायला हरकत नाही. डोळ्याच्या पडद्यात दिसण्यासाठी नसून वेळ सांगण्यासाठी असलेल्या पेशी आहेत, हे २००२ च्या सुमाराला पक्कं झालं. त्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक जाग्या होतात आणि मेंदूला दिवस असल्याचं कळवतात. रात्री दहाला ६,५०० चा झोत डोक्यावर असेल तर झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा तयार होतं. म्हणून बैठकीत आणि झोपण्याच्या खोलीत २,७०० ते ३,०००, ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर ४,०००. ६,५०० घरात जवळजवळ कुठेच नको. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पावसाच्या दिवसांत आणखी एक फायदा दिसतो. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्या आणि किडे पांढऱ्या-निळसर दिव्याकडे जितके धावतात तितके पिवळ्याकडे येत नाहीत. पडवीचा दिवा तरी वॉर्म ठेवा.

दिवसभर ४,००० आणि संध्याकाळनंतर आपोआप २,७०० होणाऱ्या पट्ट्या आता मिळतात. भविष्यवेधी म्हणून मिळणाऱ्या सगळ्या गोष्टींत पैसे घालण्यासारखी गोष्ट मला हीच वाटते. रंगीबेरंगी पट्टी चार दिवस हौसेनं लावली जाते, मग गणपतीला आणि दिवाळीला. तिन्हीसांजेला घरातला उजेड हळूहळू उतरत जाणं मात्र रोज उपयोगी पडतं. तेही परवडत नसेल तर साधा डिमर बसवा, फक्त तो एलईडीचा हवा. जुन्या पद्धतीच्या डिमरवर एलईडी लावला की तो थरथरतो. मोबाइलचा कॅमेरा समोर धरला तर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण अशा उजेडात वाचल्यावर डोकं दुखू शकतं.

किती उजेड लागतो याचा हिशोब एकदा कागदावर करून ठेवण्यासारखा आहे. १२ बाय १४ फुटांची खोली म्हणजे साधारण साडेपंधरा चौरस मीटर. बैठकीला १५० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला १५० लुमेन पुरतात, तेव्हा जमिनीपर्यंत सुमारे २,३०० लुमेन पोचायला हवेत. छतावर टाकून परत आणलेल्या उजेडातला निम्मा तरी वाटेत भिंती आणि छत खातात, म्हणून दिव्यांतून साडेचार हजार लुमेन निघायला हवेत. चांगली पट्टी वॉटला शंभर लुमेन देते, म्हणजे पंचेचाळीस वॉटमध्ये खोली भागते. प्रत्यक्षात लोक दीडशे-दोनशे वॉट ठोकतात आणि मग डोळे मिचकावत बसतात. छत मात्र पांढरं आणि मॅट असलंच पाहिजे. चकचकीत रंग दिला तर पट्टीतल्या एकेका ठिपक्याचं प्रतिबिंब वर दिसतं आणि लपवलेला दिवा उघडा पडतो.

पट्टी आणि स्लॅब यांच्यात सहा ते आठ इंच मोकळी जागा ठेवा. कमी ठेवली तर उजेड कडेलाच साचतो, छतभर पसरत नाही. खोलीची उंची साडेनऊ फूट असेल तर सगळं छत खाली आणू नका, एखादीच बाजू उतरवा. पट्टी ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवलेली हवी. पन्हळ देखणी दिसते म्हणून नव्हे, ती उष्णता ओढून घेते म्हणून. एलईडी मरतो तो बहुधा धगीनं. नुसती चिकटवलेली पट्टी वर्षा-दोन वर्षांत काळवंडते, रंग बदलते. बारा व्होल्टची पट्टी पाच मीटरच्या पुढे नेली की शेवट मंद होतो, चोवीस व्होल्टची साधारण दहा मीटरपर्यंत टिकते. त्याहून लांब न्यायची असेल तर दोन्ही टोकांनी वीज द्यावी.

काळ्या पाषाणाची भिंत असलेलं जुनं घर ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. ती भिंत पीओपीनं झाकू नका. भिंतीपासून चार-सहा इंचावर वरून खाली झोत टाका. टाकीचे घाव, चिऱ्यांच्या कडा, चुन्याच्या दरजा, सगळं वर येतं. हाच झोत नव्या गिलाव्यावर मात्र टाकू नये, कारण थापीचा प्रत्येक उंचसखलपणा दिसतो आणि मग गवंड्याशी भांडण होतं. तुळया-कड्यांचं माळवद असेल तर दिवा तुळईच्या वरच्या अंगाला लपवावा. कडीपाट उजळतो आणि तुळई काळी, ठसठशीत उभी राहते. कुठल्याही अवकाशयानाच्या चित्रात नसलेलं असं छत आपल्याकडे आयतं आहे.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा रंगमंचावर तेलाचेच दिवे होते. नाटकाच्या प्रकाशयोजनेत एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात. बरोबर डोक्यावरून आलेला उजेड चेहरा मारतो, डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळोख साचतो. आपण आरशासमोर बरोबर तेच करतो. बेसिनच्या वर, डोक्यावर एक डाऊनलायटर. त्याऐवजी आरशाच्या दोन्ही कडांना, चेहऱ्याच्या उंचीवर, दुधी काचेचे दोन दिवे लावा. दाढी करणाऱ्याला आणि कुंकू लावणारीला, दोघांनाही फरक पहिल्याच सकाळी कळतो. सोफ्याच्या बरोबर डोक्यावर दिवा ठेवला तर पाहुणा आजारी दिसतो, कारण तेच.

जमिनीलगतच्या पट्ट्यांचं वेड सध्या फार आहे. पलंगाखाली, फर्निचरच्या पायाशी, स्कर्टिंगमध्ये. कुब्रिकच्या फरशीचाच हा लहान अवतार. तरंगल्यासारखा पलंग छान दिसतो आणि रात्री पाणी प्यायला उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हालचाल ओळखणारी अशी मंद पट्टी खरोखर उपयोगाची आहे. झोप न मोडता वाट दिसते. पण सांगलीत तळमजल्यावर राहणाऱ्यांनी इथे दोनदा विचार करावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. २००५ आणि २०२१ चे पूरही लोक विसरलेले नाहीत. नदीकाठच्या भागात घर असेल तर तळमजल्याची सगळी वायरिंग छताकडून खाली आणावी, जमिनीतून वर नव्हे. बटणं आणि सॉकेट शक्य तितकी वर घ्यावीत. तळमजल्याला वेगळा एमसीबी आणि गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी ठेवावा, म्हणजे पाणी शिरायच्या आधी तेवढाच भाग बंद करून वर जाता येतं. जमिनीलगत पट्टी हवीच असेल तर ती चोवीस व्होल्टची घ्या आणि २३० व्होल्टवरून तिला वीज बदलून देणारा ड्रायव्हर माळ्यावर ठेवा. जोडणी पिनची करून घ्या, डाग देऊन पक्की नको. पुराचा इशारा आला की पट्टी उपसून वर नेता येते, पाणी ओसरल्यावर परत लावता येते.

ड्रायव्हरबद्दल एवढं बोललोच आहोत तर एक काम ताबा घेण्याआधी करून घ्या. फॉल्स सिलिंगवाला ड्रायव्हर आत टाकून वरून बोर्ड मारतो. दिव्यापेक्षा ड्रायव्हर लवकर जातो, विशेषतः जत-आटपाडीकडे किंवा खेड्यांत जिथे विजेचा दाब सारखा वर-खाली होतो. मग चारशे रुपयांच्या वस्तूसाठी छत कापावं लागतं. सिलिंगला फूटभराची उघडणारी झडप ठेवायला सांगा, सगळे ड्रायव्हर तिच्याजवळ एकत्र बसवून घ्या, आणि कुठली वायर कुठल्या पट्टीची ते त्यांच्यावर मार्करनं लिहवून घ्या.